सरासरी शिल्लक

बँकेत अडतीस वर्षं नोकरी केली की माणसाला एक विद्या आपोआप येते. ३१ मार्चला श्रीमंत दिसण्याची. ज्यांचा बँकेशी संबंध पासबुक भरून घेण्यापुरताच आला असेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाखेत ठेवी किती आहेत याची वर्षभर कुणी फारशी चौकशी करत नसे. पण ३१ मार्चच्या संध्याकाळी जो आकडा पडेल तो वर जायचा आणि त्यावर साहेबांची बढती ठरायची. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साहेब ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर जाऊन अक्षरशः पदर पसरायचे. "शेठ, तीन दिवस ठेवा हो! दोन तारखेला बिनबोभाट काढून न्या." शेठ ठेवायचे, आकडा फुगायचा आणि दोन एप्रिलला शाखा पुन्हा आपल्या मूळच्या दारिद्र्यात सुखाने नांदू लागायची. याला विंडो ड्रेसिंग असं भारदस्त नाव आहे. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तेच हे. फक्त पलंग मोठा.

निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाणार अशी मला भीती होती. पण रक्ततपासणीनं तिला नवं क्षेत्र मिळवून दिलं.

दर जानेवारीत मी साखर तपासून घेत असे. तपासणीच्या आधी चार दिवस मी आदर्श पुरुष असायचो. चहातली साखर बंद, भात बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी म्हात्रे पुलापर्यंत चालणं. माझ्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की शेजारचे लोक "काय, यात्रेला निघालात काय?" म्हणून विचारायचे. उपाशीपोटीची साखर यायची ९६ नाहीतर ९७. शंभराच्या आत म्हणजे पास. रिपोर्ट खिशात घालून येता येता मी श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा घेत असे.

"अहो, आत्ताच तर रिपोर्ट आलाय," आमची ही म्हणायची.

"म्हणूनच!" मी म्हणायचो.

यंदा मात्र सूनबाईनं घोटाळा केला. तिनं फोनवरून कसलंसं पॅकेज घेतलं. त्यात सत्तरच्या वर तपासण्या. सकाळी साडेसहाला एक मुलगा पेटी घेऊन घरी आला आणि लाल, जांभळ्या, करड्या टोपणांच्या नळ्या त्यानं माझ्या पुढ्यात मांडल्या. एवढं रक्त मी बँकेलाही दिलं नव्हतं. संध्याकाळी रिपोर्ट आला तो चौदा पानांचा. पूर्वी रिपोर्ट म्हणजे एक चिठ्ठी असायची, तीवर एक आकडा असायचा आणि तो वाचायला डॉक्टर लागायचा. आता आकड्यांसमोर बाणच काढलेले असतात. वर गेलेला बाण, खाली गेलेला बाण. कुरुक्षेत्रावरसुद्धा इतके बाण एका पानावर आले नसतील.

उपाशीपोटीची साखर ९९. विंडो ड्रेसिंग यशस्वी! मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं. पण खालच्या ओळीत एचबीएवनसी नावाचं काहीतरी होतं, ६.३. त्याला वर जाणारा बाण. ट्रायग्लिसराइड २१२, बाण वर. युरिक ॲसिड, तेही वर. शेअरबाजारात असतं तर पेढे वाटले असते.

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणजे माझ्याच शाखेतल्या एका जुन्या कॅशियरची मुलगी. लहानपणी ती आमच्या काउंटरखाली बसून स्टॅम्पपॅडची शाई गालाला लावून घ्यायची. आता ती चष्म्यावरून माझ्याकडे बघते आणि मी खुर्चीत सावरून बसतो.

"काका, टेस्टच्या आधी किती दिवस शहाण्यासारखं वागलात?"

"चार," मी म्हणालो. खोटं बोलावंसं वाटलं होतं. पण तिच्या वडिलांच्या हातून एक पैसा कधी इकडचा तिकडे गेला नाही. रक्त बोलतं.

"बाबा सांगायचे, ३१ मार्चची गंमत बघून वरच्यांनी शेवटी सरासरी शिल्लक मागायला सुरुवात केली. हे तेच आहे." आणि मग तिनं मला समजावून सांगितलं. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. म्हणजे तुम्ही शेवटचे चार दिवस कारलं प्या नाहीतर कडुनिंब चावा, त्या पेशींनी तुमचं मागचं दोन-तीन महिन्यांचं श्रीखंड अंगाखांद्यावर वागवलेलंच असतं. ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी मध्ये. थोडक्यात, वेटिंग लिस्टवर, आणि गाडी कन्फर्म व्हायला फार वेळ लागणार नाही अशा बेतानं.

चित्रगुप्त आपल्या वह्या कुठे ठेवतो हा प्रश्न मला लहानपणापासून पडला होता. तो असा सुटला.

"पण मी बारीक आहे!" हे माझं हुकमी पान होतं. पाच फूट सहा इंच, एकसष्ट किलो. लग्नातला कोट मला अजून होतो. (बटण लागत नाही, पण बाह्या होतात.)

त्यावर तिनं मला एक फोटो दाखवला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन काढायचं ते बीएमआयचं माप दोघांचंही नेमकं सारखं, २२.३. वरून पाहाल तर दोघे सडपातळ. पण यंत्रानं अंगातली चरबी मोजली तेव्हा साहेबाची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के. हा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात छापून आला. साहेब मॅरेथॉन पळतात आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं, अशी थट्टाही याज्ञिकांनी तिथे स्वतःचीच करून ठेवली आहे. मला या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. आपलं पोट सगळ्या जगापुढे उघडं करणारा पुणेकर विरळा.

याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांमधून जन्मलेली बाळं मोजली. आपली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्रजांची साडेतीन किलोची. पण काटकुळ्या आपल्या बाळांच्या पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. स्नायू कमी, चरबी शाबूत. म्हणजे आम्ही काटकसर करतो तीही नको तिथे. हातपाय काड्या आणि पोट मडकं, असं जे माझं वर्णन आई करायची, ते शास्त्रशुद्ध होतं तर.

"आणि इन्शुलिन?" मी विचारलं. हा शब्द आमच्या घरात पूर्वी फार ऐकलेला होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

ती म्हणाली, "बँकेतच सांगते. काउंटरवर रोकड आली की शिपाई ती उचलून तिजोरीत नेऊन ठेवतो. इन्शुलिन म्हणजे तो शिपाई. भात खाल्लात, पोळी खाल्लीत, त्याची साखर होऊन रक्तात आली, की शिपाई ती स्नायूंच्या तिजोरीत नेतो. यकृतालाही सांगतो, आता तू साखर बनवू नकोस, बाहेरून आली आहे. चरबीला सांगतो, तू जागची हलू नकोस. आता तुम्ही सांगा, दिवसभरात तुम्ही किती वेळा भरणा करता?"

मी मनातल्या मनात वही उघडली. सकाळचा चहा, त्याबरोबर बिस्किटं. दुसरा चहा. पोहे. अकराला केळं. जेवण. तीनला चहा आणि चिवडा. पाचला चहा. सातला कुणीतरी येतं म्हणून चहा, आणि कुणी आलं नाही तर वाट बघून कंटाळा आला म्हणून. पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, दिवसाला पन्नास ग्रॅम. वर्षाला सव्वाअठरा किलो साखर, नुसती चहातून! आमच्या अख्ख्या कुटुंबाला रेशनवर पूर्वी इतकी मिळाली असती तर आई नाचली असती.

"म्हणजे शिपायाला बसायला वेळच नाही," ती म्हणाली. "आणि तिजोरी भरलेली. तिजोरीवाले दार उघडायला कुरकुर करतात. मग तुमचं स्वादुपिंड दोन शिपाई पाठवतं, तीन पाठवतं, पाच पाठवतं. काउंटर स्वच्छ दिसतो, उपाशीपोटी ९९. पण मागे पाच शिपाई धापा टाकत असतात. त्यातले थकून बसायला लागले, की काउंटरवर रोकड साठायला लागते. काका, तुमचे आत्ता बसायला लागले आहेत."

मी ट्रायग्लिसराइडचा मुद्दा काढला. म्हटलं, मी तेलातुपाच्या वाऱ्याला उभा राहत नाही, मग ही चरबी रक्तात कुठून आली? तर म्हणे तिजोरीत न मावलेली साखर यकृत फुकट जाऊ देत नाही. तिची चरबी करून थोडी स्वतःकडे ठेवतं, थोडी रक्तात सोडतं. भातावर तूप घेतलं नाही म्हणून मी चरबीतून सुटलो असं नाही. मी ती घरच्या घरी तयार करत होतो. गृहोद्योग!

आणखी एक गोष्ट तिनं सहज सांगितली. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावी पिढ्यान् पिढ्या लोकांचं रक्त साठवून ठेवलं आहे. त्यावरून २०११ साली असं दिसलं की ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या रक्तात काही अमिनो आम्लांचं प्रमाण बारा वर्षं आधीपासूनच चढलेलं होतं. साखर तेव्हा मधुमेहाच्या रेषेच्या आतच. म्हणजे माणसाला पत्ता लागायच्या आधी एक तप रक्ताला माहीत असतं.

घरी येताना मी रिक्षात गप्प होतो. हिला वाटलं ६.३ चा धक्का बसला. धक्का ६.३ चा नव्हता. मला अण्णा आठवत होते.

आमचं घर साताऱ्याचं. अण्णांना मधुमेह निघाला १९७१ साली, मी तेव्हा आठवीत. त्या काळी घरी साखर मोजायची म्हणजे रक्त नव्हे, लघवी. कपाटात बेनेडिक्ट सोल्युशनची निळीशार बाटली असे. रविवारी सकाळी काचेच्या नळीत ते निळं पाणी घ्यायचं, त्यात मोजून आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी हलवत हलवत उकळायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. मग पिवळा, मग नारिंगी, आणि विटेसारखा लाल झाला तर भरपूर. हा प्रयोग करायचं काम माझ्याकडे होतं. शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असायचं, घरी मी शास्त्रज्ञ होतो. आई देवापुढे उदबत्ती लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "काय आला रे?" हिरवा म्हटलं की ती पदरानं कपाळ पुसायची आणि चुलीकडे वळायची.

अण्णांनी काय ओळखलं, तर शनिवारी दुपारनंतर काही खाल्लं नाही की रविवारी रंग हिरव्याच्या पुढे जात नाही. त्यांचं बरोबर होतं. लघवीला फक्त मागच्या काही तासांचं कळतं, आणि तेही रक्तातली साखर १८० च्या आसपास चढली तरच. सरासरी शिल्लक मागणारं तेव्हा घरात कुणी नव्हतं. रविवारी रंग पाहून झाला की अण्णा मला खुणेनं ओसरीवर बोलवायचे आणि माझ्या हातात पैसे ठेवायचे. "बाळ, पावशेर कंदी पेढे. आणि मागच्या दारानं ये." साताऱ्यात राहून कंदी पेढा खायचा नाही म्हणजे पंढरपुरात राहून देवळात जायचं नाही. दोन पेढे माझी दलाली.

एका रविवारी, शनिवारी कुणाच्या तरी मुंजीला जाऊन आल्यामुळे, नळी उकळताच रंग सरळ विटेवर गेला. मध्ये कुठे थांबलाच नाही. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हिरवा सांग."

मी हिरवा सांगितला. आईनं कपाळ पुसलं.

पुढे तो रंग मी बऱ्याच वेळा सांगितला. १९७९ साली अण्णांच्या चपलेचा खिळा वर आला होता, तो पायात रुतून दिवसभर राहिला आणि त्यांना कळलंच नाही, कारण पायातलं दुखणं केव्हाच गेलं होतं. आधी अंगठा गेला. १९८१ साली गुडघ्याखालचा पाय. आई काचेची सिरिंज उकळून रोज सकाळी इन्शुलिन टोचायची, चोवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला सुई टोचताना दर वेळी तोंड फिरवायची. १९८४ साली अण्णा गेले. त्यांनी शेवटपर्यंत मला दलाल म्हणूनच हाक मारली आणि मी शेवटपर्यंत "काय अण्णा" म्हणून हसलो.

असो. घरी आल्यावर पथ्य सुरू झालं.

आमच्या घरात त्या वेळी दोन पक्ष होते. आमच्या हिनं डॉ. जगन्नाथ दीक्षितांची भाषणं फोनवर ऐकली होती. दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांच्या आत, मध्ये तोंडात काही टाकायचं नाही. म्हणजे शिपाई दिवसातून दोनदाच उठणार. ही कल्पना मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांची, असं ती पुराव्यानिशी सांगायची. सूनबाई ऋजुता दिवेकरांच्या पुस्तकावर वाढलेली. दर दोन तासांनी थोडं थोडं खावं, हा तिचा पक्ष. मी घरातला शांतताप्रिय माणूस. पंधरा दिवस मी दोन वेळा पंचावन्न मिनिटं पुरेपूर वापरून जेवलो आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्लं. दोघींनाही मी आपल्याच पक्षाचा वाटत होतो. वजन दीड किलो वाढलं तेव्हा आघाडी फुटली आणि प्रकरण डॉक्टरीणबाईंकडे गेलं. ती म्हणाली, "काका, दोघांच्याही पथ्यात तुमचं फरसाण कुठेच बसत नाही."

मग तिनं ताट आखून दिलं. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ किंवा घट्ट वरण, उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात. आणि खायचं ते ह्याच क्रमानं. भात सगळ्यात शेवटी. हे ऐकून आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या स्वर्गात उठून बसल्या असतील. आमच्याकडे पान वाढताना मधोमध भाताची मूद, तीवर वरण, तीवर तूप, त्यानंतर "वदनी कवळ" आणि पहिला घास वरणभाताचाच. कोशिंबीर, चटणी, लिंबू ही पानाची डावी बाजू. तिथे चिमटीनं वाढायचं आणि चिमटीनं खायचं. कोशिंबिरीची वाटी मागणाऱ्या जावयाकडे पंगत संशयानं बघायची. आता अचानक डावी बाजू सत्तेवर आली आणि भाताला विरोधी बाकावर बसवलं.

मी पुरावा मागितला. तोही तिच्याकडे होता. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये अकरा मधुमेही माणसांना तेच जेवण दोन दिवस दोन क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, कोंबडी आणि भाज्या मागाहून, दुसऱ्यांदा उलट. पाव शेवटी खाल्ला त्या दिवशी तासाभरानंतरची साखरेची चढण एक-तृतीयांशाहून जास्त कमी भरली आणि शिपायांनाही कमी धावावं लागलं. भाजीचा चोथा आणि उसळीतली प्रथिनं आधी पोटात गेली की पोट पुढचा माल सावकाश सोडतं, असं कारण. अकरा माणसं म्हणजे क्रिकेटची एक टीम, त्यावर मी भात सोडू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सोडू नका. शेवटी खा. आणि जेवल्यावर चाला. चालणारा स्नायू शिपायाची वाट न बघता दुसऱ्या दारानं साखर आत घेतो."

म्हणजे शतपावली! पाच पिढ्यांना मी लगेच कळवलं की निदान एक कलम तरी आपलं पास झालं. मात्र दुपारची वामकुक्षी नामंजूर. पुण्यातल्या माणसाला दुपारी एक ते चार जागं ठेवणं हा छळ आहे; पण मी त्या वेळी जिन्यावरून चार खेपा घालतो. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, माझी काहीतरी वस्तू हरवली आहे.

मुलानं बोट टोचून साखर मोजायचं यंत्र आणून दिलं. त्या यंत्राचा पहिला बळी एकादशी. आमच्या घरात एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याच्या गोड चकत्या. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण आमच्या घरातूनच निघाली असावी. खिचडी खाऊन दोन तासांनी मोजली, १८७. आदल्या दिवशी मेथीची भाजी, मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी खाऊन दोन तासांनी आली होती १३८. म्हणजे आठवड्यात माझ्या रक्तात साखर सर्वांत जास्त चढते ती उपासाच्या दिवशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, त्याची साखर व्हायला वेळ तो काय लागणार. हे हिला सांगायचा धीर मला चार दिवस झाला नाही. आकडा दाखवला तेव्हा ती बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "विठ्ठलाला काय, भगरही चालते." पुढच्या एकादशीला भगर खाऊन मोजली, १७९. आता आमच्याकडे एकादशीला ताक आणि मूठभर शेंगदाणे असतात आणि आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदाच खरोखरीचे उपाशी असतो.

यंत्राचे आकडे वहीत लिहायचं काम नातवाकडे गेलं. मल्हार तिसरीत आहे. बोटातून रक्ताचा थेंब निघालेला बघायला त्याला फार आवडतं. त्यानं वहीला पुठ्ठा घातला आणि वर "आबांची साखर" असं लिहून खाली बाण काढला.

तीन महिन्यांनी पुन्हा सगळ्या नळ्या. या वेळी चार दिवस आधी काहीही केलं नाही. पुतळ्याला रंग द्यायची गरज वाटली नाही. एचबीएवनसी ५.९, ट्रायग्लिसराइड १५८. वजन साडेतीन किलो उतरलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली की अमेरिकेत २००२ साली वेटिंग लिस्टवरच्या तीन हजारांवर लोकांवर प्रयोग झाला. ज्यांनी वजन थोडं उतरवून आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मी ५८ टक्के ऐकून तसाच कॉलर ताठ करून घरी आलो. तीस नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर आकडे पाठवले. एकानं विचारलं, "हे कुठल्या बँकेचे व्याजदर?"

आणि गेल्या महिन्यात साताऱ्याहून चुलतभाऊ आला. येताना अर्धा किलो कंदी पेढे घेऊन.

ही भाजी आणायला गेली होती. मी डबा उघडला. नुसता वास घ्यायचा होता. तो भाजलेल्या खव्याचा वास आला आणि मी एकदम ओसरीवर जाऊन उभा राहिलो, हातात अण्णांनी दिलेले पैसे. एक पेढा खाल्ला. मग अर्धा. तेवढ्यात मल्हार आला.

"आबा, मोजायची वेळ झाली."

माझ्याच वेळापत्रकानं दगा दिला होता. पेढ्याला तास होत आला होता. बोट टोचलं. यंत्रानं थोडा विचार केला आणि आकडा दाखवला, १९६.

मल्हारनं पेन्सिल उचलली. बँकेत रात्री हिशेब जुळेना की आम्ही फरकाला नऊनं भागून बघायचो. भाग गेला तर कुणीतरी दोन आकडे उलटेपालटे लिहिले आहेत हे ओळखावं. १९६ चे १६९ करायचे तर फरक सत्तावीस. नऊनं भाग जातो. म्हणजे उद्या कुणी पकडलं तरी लिहिणाऱ्याची नजरचूक ठरेल, आणि लिहिणारा तिसरीतला. माझ्या डोक्यात हे सगळं एका सेकंदात जुळलं. अडतीस वर्षांची नोकरी उगाच नाही.

"मल्हार," मी म्हणालो.

"काय आबा?"

तो माझ्याकडे बघत होता, पेन्सिल कागदावर टेकवून. जिभेचं टोक ओठाबाहेर काढलेलं. लिहिताना मीही तसंच काढायचो म्हणे.

"एक नऊ सहा," मी म्हणालो. "नीट लिही. सहाचं पोट पुसट काढू नकोस."

त्यानं लिहिलं. ही पिशव्या घेऊन आली, चष्मा लावून वही बघितली आणि डब्याकडे न बघताच विचारलं, "किती खाल्लेत?"

"दीड," मी म्हणालो.

"दीड? मग उरलेला अर्धा कुठाय?"

मल्हारनं तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघितलं.